हिलालनानांची थोरली आणि धाकली

जळगावात वाढलेल्या माणसाला नदी म्हणजे पुलावरून दिसणारी गोष्ट. एसटी पुलावर आली की खिडकीतून हात जोडायचे, झालं. त्यामुळे माझ्या नेमणुकीच्या आदेशावरचं गाव वाचून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तिथं नावेनं जावं लागतं," तेव्हा मी आधी हसले आणि मग घरी जाऊन व्यवस्थित रडले.

शाळा तापीच्या पलीकडच्या काठाला, आणि मी खोली घेतली होती धरणगावला. खालच्या बाजूला बंधारा झाल्यापासून नदीचं पात्र चांगलंच फुगलं होतं. पूल होता, पण त्या वाटेनं जायचं तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस जायचा. घाटावरून नावेनं वीस मिनिटं. पहिल्या दिवशी मी घाटावर उतरले तेव्हा नावेत भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, दोन शेळ्या आणि दहाबारा माणसं अगोदरच बसलेली होती. मागच्या बाजूला गुडघ्यापर्यंत पायजमा दुमडलेला, खांद्यावर गमछा टाकलेला एक उंच, वाळका म्हातारा लाल रंगाच्या प्लास्टिकच्या डब्यासमोर उकिडवा बसला होता. त्यानं डब्याच्या झाकणावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"दम मोकया शे का?"

"शे!" शेळ्या सोडून सगळे एका सुरात ओरडले.

मला वाटलं, नदीच्या देवाचा काहीतरी पुकारा असेल. मीही घाईघाईनं "शे" म्हणून घेतलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही काय पाहं म्हनीसन शे म्हनं?"

मी काहीच पाहिलं नव्हतं. नव्या गावात, नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, शाळेत पोचायच्या आत माझी परीक्षा झाली आणि मी नापास झाले. हे हिलालनाना.

तो लाल डबा म्हणजे इंजिनाची पेट्रोलची टाकी. नावेला टाकी जोडलेली नसते, ती वेगळी असते. उचलून आणायची, नावेत ठेवायची, तिच्यातून एक नळी इंजिनाला लावायची. झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. नाव चालताना तो सैल करायचा, म्हणजे आत हवा जाते. उचलून नेताना तो घट्ट करायचा, म्हणजे पेट्रोल सांडत नाही, वाफ बाहेर येत नाही. हे मला नानांनी त्याच दिवशी नदीच्या मधोमध समजावून सांगितलं, आणि मी डी.एड.ला जे दोन वर्षांत शिकले नाही ते त्यांनी दोन वाक्यांत शिकवलं. "टाकीमातून पेट्रोल जास, तेना जागावर हवा येवाले पाहिजे ना? तुम्ही तांब्यावरी पानी पेतस, तवय नाक बंद करतस का?"

तो स्क्रू म्हणजे टाकीचा दम, आणि "मोकया शे का" म्हणजे मोकळा आहे का. स्क्रू दोन आटे सैल केला की नाना एका हातानं नळीतला रबरी फुगा दाबत आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रूपाशी असलेल्या हवेच्या भोकावर ठेवत. बोटाला किंचित ओढ लागली की टाकी श्वास घेते आहे. मग प्रश्न. मग "शे". मगच इंजिनाच्या दोरीला हात. हे दिवसातून आठ वेळा, वर्षानुवर्षं. त्यांची नाव पेट्रोलपायी किंवा टाकीपायी मधे थांबली, असं दोन्ही काठांवर कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि नानांना साऱ्या जगात अभिमान होता तो तेवढाच.

टाक्या दोन होत्या, बारा-बारा लिटरच्या. एक थोरली, एक धाकली. मापानं सारख्याच, पण जी आधी भरली ती थोरली. थोरली चालवायची, धाकली राखायची. थोरली संपली की धाकली थोरली व्हायची. पेट्रोल फार दिवस ठेवलं की शिळं होतं, आणि "आतेनं पेट्रोल हवामातलं पानी पेस", असं नानांचं म्हणणं. म्हणून टाकीवर खडूनं भरल्याचा वार लिहिलेला असायचा, आणि भरताना थोडंसं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन नाना ते उन्हाकडे धरून बघायचे, तळाशी पाण्याचा थेंब तर बसला नाही ना. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. मी चौथीचा वर्ग दोनदा घाटावर नेला.

टाकी नावेत ठेवून कधी भरायची नाही, जमिनीवर ठेवूनच भरायची. काठोकाठ भरायची नाही, चार बोटं जागा सोडायची. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात माणूस सावलीतसुद्धा भाजतो. नानांच्या मते उन्हात पेट्रोलही फुगतं आणि त्याला हातपाय पसरायला जागा लागते. उन्हाळ्यात दोन्ही टाक्या घाटावरच्या निंबाखाली, वरून ओलं गोणपाट. ते वाळलं की नाना पुन्हा भिजवायचे. यावर त्यांच्या बायकोचा, म्हणजे सकूअक्कांचा, फार राग. घाटावरच त्यांची चहाची टपरी होती, पत्र्याची. स्टोव्हपुढं घामाघूम झालेल्या अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "त्या दोन्ही मन्या सवती शेत. मी आठे भाजास, नि त्यासले ओलं गोनपाट!" त्यांनी आयुष्यात त्या टाक्यांना हात लावला नाही. नानांनी एकदा मला हळूच सांगितलं, तेच बरं आहे.

टाकीवर पेट्रोल दाखवणारा एक काटा असतो. नानांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "हाऊ काटा लबाड शे. नाव हालनी की तो बी हालस." ते टाकी उचलून सांगत, किती उरलंय. या सवयीपायी ते दिसेल ती गोष्ट उचलून बघत. मी नावेत पाऊल टाकलं की माझी पिशवी त्यांच्या हातात गेलीच. "दोन भाकरी, शेवभाजी... आनि आज काहीतरी गोड शे." बरोबर असायचं. शाळेच्या खिचडीचा गॅस सिलेंडर पलीकडे न्यायचा तर उचलून सांगायचे, चार दिवस पुरेल, आणि पाचव्या दिवशी सकाळी शेगडी विझायची. एका बाईचं तान्हं मूल उचलून म्हणाले, "हाई पोर दूध कमी पेस." ती बाई रुसली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सताईंनी वजन करून तेच सांगितलं, तेव्हा ती नानांवर आणखीच रुसली.

आणि तीन वाटे. पेट्रोलचे तीन वाटे करायचे, ही नानांची दुनियेला शिकवण. "येक वाटा जावाले, येक वाटा येवाले, नि येक वाटा बिनबोलावना पाव्हनाले." बिनबोलावना पाव्हना म्हणजे वारा, वाढलेलं पाणी, अडकलेलं कुणाचं जाळं, नाहीतर काठावरून हाका मारणारा उशिरा आलेला माणूस. तिसऱ्या वाट्याला हात लावायचा नाही. हे पेट्रोलपुरतं ठीक होतं, पण नाना लग्नातल्या पंगतीतही जिलेबीचे तीन वाटे करायचे आणि तिसरा शेवटपर्यंत पानात ठेवायचे. वाढपी त्यांच्यासमोर उभा राहून दमून जायचा.

एका मे महिन्यात नावेतून वऱ्हाड चाललं होतं. नवरदेव फेटा सांभाळत पुढं बसलेला, करवल्या मधे, आणि नवरदेवाचे मामा नेमके मागं, थोरलीला टेकून. मामांनी खिशातून बिडी काढून तोंडात धरली. नाना म्हणाले, "पाव्हना, बिडी खिसामा ठेवा." मामा म्हणाले, "पेटेल नही शे. नुसती तोंडमा धरेल शे!"

"तोंडमा धरेल शे, म्हंजे पेटाडाना इचार शे."

"इचार करानीबी बंदी शे का आठे?"

 नानांनी शांतपणे नाव वळवली आणि आलेल्या काठाकडे परत चालवली. मुहूर्ताला अर्धा तास. करवल्यांनी कालवा केला, वरबाप उभा राहिला, नाव डुलली, वरबाप खाली बसला. मामा हट्टाला पेटलेले. सोयरिकीत मान असलेला माणूस नाववाल्याचं कसं ऐकणार? शेवटी नवरदेवच फेटा काढून ठेवून सगळ्यांच्या अंगावरून मागं आला, त्यानं मामांच्या तोंडातली बिडी ओढली आणि तापीत टाकली. "मामा, मना लगीन शे!" नाना म्हणाले, "पोरगं संसार करी," आणि नाव पुन्हा वळवली. परतीच्या प्रवासात मामा सर्वात पुढं, पाण्याकडे तोंड करून बसले होते.

मी रुजू झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीला नवी फायबरची नाव आणि नवं इंजिन मंजूर झालं. जुनी लाकडी नाव नानांची स्वतःची होती, तिला आता तीन ठिकाणी डांबर लागलेलं. नवी नाव आली की जुनीत कोण बसणार? आणि नवी नाव पंचायतीची, म्हणजे ती कुणी चालवायची हे सरपंच ठरवणार. सरपंचांना भाचा होता, योगेश. तरुण, हुशार, मोबाइल दुरुस्त करणारा, पोटापाण्याचं अजून काही जमलेलं नव्हतं. सरपंच म्हणाले, दसऱ्यापर्यंत नाना चालवतील, मग दोन्ही गावांसमोर ठरवू.  अक्का टपरीवर मला म्हणाल्या, "बाई, ह्या मानूसले नावशिवाय दुसरं काय येस? घर बसना तं महिनामा मरी जाई." त्या हे चहा गाळता गाळता म्हणाल्या, आणि चहा पेल्याबाहेर गेला.

नव्या इंजिनाला नव्या टाक्या घ्यायच्या म्हणून नाना आणि योगेश धुळ्याला निघाले. माझी बहीण धुळ्याला असते, म्हणून मीही त्याच गाडीत बसले. नानांनी नव्या इंजिनाची नळी तिच्या टोकाच्या जोडासकट पिशवीत घेतली होती. टाकी कितीही चांगली असली तरी जोड बसला नाही तर ती काय उशाशी घेऊन झोपायची, असं त्यांचं म्हणणं. दुकानात गेल्यावर योगेशनं पन्नास लिटरच्या एका काळ्या टाकीवर हात ठेवला. "नाना, हाई येकच घेऊ. घडीघडी भरानी कटकट नको."

"ती कोन उचली? तुना मामा उचली का?" नानांनी विचारलं. "भरेल टाकी येक हातवर उचलता उनी पाहिजे. दुसरा हात नावना दोरले लागस. नि येकच टाकी ऱ्हायनी, तिन्हामा पानी उतरनं, तं नदीमा कोनाकडे पाहशी?"

मग नाना बारा लिटरच्या लाल टाक्यांकडे वळले. उचलल्या. वास घेतला. उन्हात नेऊन पाहिल्या, प्लास्टिक पातळ कुठं आहे का. झाकणाच्या आतलं रबर नखानं दाबून बघितलं. एकीवर बसले. दुकानदार सभ्य माणूस, त्यानं बसू दिलं. नाना म्हणाले, "आते पानी भरा."

"बाबा, ही पेट्रोलची टाकी आहे."

"पेट्रोल गयाले लागनं म्हंजे उशीर व्हई जास. पानीवर पाहू."

दुकानदारानं हसत पाणी भरलं. नानांनी झाकण लावलं, स्क्रू घट्ट केला आणि टाकी त्याच्या काचेच्या काउंटरवर, बिलबुकाच्या शेजारी, उलटी ठेवली. पाच मिनिटं सगळे तिच्याकडे बघत बसलो. पहिली टाकी गळली. बिलबुक भिजलं. दुकानदारानं आधी टाकीकडे, मग नानांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही इथं नोकरी करता का?" पाचव्या आणि सातव्या टाकीची निवड झाली. येताना दोघी नानांच्या मांडीवर होत्या. थोरली आणि धाकली या पदांवर नव्या नेमणुका झाल्या. जुन्या दोघी निवृत्त होऊन अक्कांच्या टपरीमागं तुळशी लावायच्या कामी आल्या. अक्कांनी त्यांना पाणीही घातलं.

आता खंडेनवमीचं सांगते. ते सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

त्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं आणि प्रमुख पाहुणे सरपंच. मी पूजेचं ताट, सरस्वतीचा फोटो आणि नारळांची पिशवी घेऊन सकाळीच घाटावर आले. नानांनी नवी नाव धुऊन काढली होती. इंजिनाला झेंडूची माळ, सुकाणूला माळ. थोरली वाळूवर एकटी उभी होती, तिला साधं फूल नव्हतं. नाना नारळ आणायला घराकडे गेले होते, आणि अक्का सवतीची पूजा करणार नव्हत्या हे उघडच होतं. मला वाटलं, इतके दिवस या टाकीच्या जिवावर मी नोकरी करते, आणि ती अशी बिनपूजेची? मी ताट काढलं. हळद लावली. कुंकू पाण्यात चांगलं कालवलं आणि तिच्या कपाळाला लावलं. आता टाकीचं कपाळ कोणतं? मला तर झाकणच दिसलं. त्यावर अक्षता. हात सढळ, भक्ती भरपूर. माझ्या सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

नाना आले, त्यांनी ते पाहिलं आणि हातातला नारळ तसाच धरून उभे राहिले. "बाई, इची पूजा आजलगून कोनी करी नही," म्हणाले. डोळे पुसले. त्यांना तसं बघून मला स्वतःचाच फार अभिमान वाटला, हे कबूल करते.

तेवढ्यात सरपंच आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बरोबर दोन सदस्य आणि योगेश. नानांची गडबड झाली. त्यांनी थोरली नावेत ठेवली, नळी लावली, स्क्रू अगदी जपून दोन आटे सैल केला. झाकणावर बोट मात्र ठेवलं नाही. पूजेचं ओलं कुंकू असं लगेच कसं फिसकटायचं? त्यांनी नुसतं विचारलं, "दम मोकया शे का?" आणि आम्ही सगळे ओरडलो, "शे!" सर्वात मोठा आवाज माझा होता.

नदीच्या मधोमध इंजिन खोकलं. दोनदा आचके दिले आणि बंद पडलं.

इतकी शांतता मी तापीवर कधी ऐकली नव्हती. नाव आपोआप बाजूला सरकायला लागली. त्या बाजूला पाण्यात बुडालेल्या बाभळी, त्यांचे काटेरी शेंडे वर आलेले. एक सदस्य मोठ्यानं रामरक्षा म्हणू लागले आणि तिसऱ्या ओळीला अडकले. नारळ पिशवीतून सुटून नावभर गडगडले. सरपंचांनी माझ्या हातातला सरस्वतीचा फोटो छातीशी धरला, संरक्षणासाठी की बुडताना काहीतरी हाती असावं म्हणून, ते मला माहीत नाही.

नानांनी नळीतला फुगा दाबायला धरला. तो आधीच आतून ओढला जाऊन चपटा झालेला. त्यांनी थोरलीचं अख्खं झाकण फिरवलं आणि "फुस्स" असा मोठा आवाज झाला. कोंडलेल्या टाकीनं श्वास घेतला तो सगळ्यांनी ऐकला. नानांनी झाकण उलटं करून स्क्रूच्या भोकाकडे पाहिलं. मी समोरच बसले होते. त्यांनी नखानं त्यातून काहीतरी लाल खरवडून काढलं, आणि एक तांदळाचा दाणा. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग तो दाणा गमछ्याच्या टोकात घेतला, झाकण लावलं, फुगा चारदा दाबला आणि दोरी ओढली. इंजिन लागलं. बाभळी दोन हातांवर राहिल्या होत्या.

"काय व्हयनं, नाना?" सरपंचांनी विचारलं.

"मी इसरनू," नाना म्हणाले. "दम उघाडाले इसरनू."

सरपंच सरस्वतीचा फोटो परत देत मऊ आवाजात म्हणाले, "वय व्हयनं, नाना. आते आराम करा."

मी बोलले नाही. बोलायला हवं होतं, तिथंच. सगळ्या नावेसमोर, ज्यांच्या मुलांना मी खरं बोलायला शिकवते त्यांच्यासमोर, मी गप्प बसले. त्या दिवशी पाटीपूजनात मुलांनी काय म्हटलं, सरपंच काय बोलले, मला एक शब्द आठवत नाही. संध्याकाळी नानांनी मला परत सोडलं, नेहमीसारखी पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाले, "डबा खादा नही." मला शरमेनं मेल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घाटावरच सभा भरली. निंबाखाली दोन्ही गावं. सरपंचांनी नानांच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल चांगलं बोलून शाल काढली, आणि शाल दिसल्याबरोबर अक्कांनी टपरीचा स्टोव्ह बंद केला. नाना खाली मान घालून बसले होते. मी उभी राहिले. 

"नाना विसरले नाहीत," मी म्हणाले. "दम त्यांनी उघडला होता. भोकात कुंकू आणि तांदूळ मी भरले. टाकीची पूजा मी केली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मागून एक भाजीवाली आजी म्हणाली, "झाकनवर केधी पूजा करतस का, बाई? मुठवर करानी ना!" आणि लोक हसायला लागले. मी जन्मात इतक्या आनंदानं हसं करून घेतलेलं नाही.

सरपंचही हसले, पण हातातली शाल काही सोडेनात. "ठीक शे. पन योगेश जवान शे. योगेश, दखाड जरा इंजिन चालू करीसन."

योगेश उठला. त्यानं थोरली उचलली आणि दोन्ही गावांची वर्षानुवर्षांची शाळा त्याच्यावर तुटून पडली. "स्क्रू घट करीसन उचल!" "नळीना फुगावरना बान इंजिनकडे पाहिजे, उलटा व्हयना!" "उन्हमा नको ठेऊ!" "आरे, आधी फुगा दाब!" दूधवाले, भाजीवाल्या, माझी चौथीतली पोरं, सगळे. एक शेळी सोडून सगळ्यांना नाव चालवता येत होती. योगेश घामानं भिजला. त्यानं दोरीला हात घातला तेवढ्यात सगळा घाट एकदम ओरडला, "दम मोकया शे का?"

योगेशनं दोरी सोडून दिली आणि हात जोडले. "मामा, माले नही जमत हाई. ह्या लोकेसले फक्त नानाच जमतस." सरपंचांनी काय करावं? हातात शाल होतीच, ती त्यांनी नानांच्या खांद्यावर टाकली, नाव पुढंही चालवण्याबद्दल. अक्कांनी स्टोव्ह पेटवला आणि पहिल्यांदाच सगळ्यांना फुकट चहा पाजला.

नाना मात्र माझ्यावर रागावले होते. परतीच्या नावेत म्हणाले, "कोनी सांगं तुमले बोलाले? मी खोटं बोलनूच नव्हतू. रोज बोट लावस, त्या दिन लावं नही, म्हंजे इसरनूच ना? नुसतं इचारं. शे म्हनाले कोनं काय जास, बाई? तुम्हीनबी म्हनं ना शे?"

 मग त्यांनी मला शिक्षा दिली. माझी जागा बदलली. थोरलीच्या शेजारची फळी माझी. दोन्ही वेळा फुगा मी दाबायचा, बोट मी ठेवायचं, आणि ओढ लागली तरच "शे" म्हणायचं. बाकीच्यांनी माझ्यानंतर. तीन वर्षं मी ते केलं. हिवाळ्यात बोट गार पडायचं, उन्हाळ्यात भाजायचं. पुढच्या खंडेनवमीला नानांनी थोरलीच्या उचलायच्या मुठीवर तेलरंगानं एक गोल काढून ठेवला होता आणि मला म्हणाले, "आठे. दुसरीकडे हात लावशात तं नदीमा उतारी दिसू."

यंदा माझी बदली जळगावला झाली. घरच्यांना आनंद, मलाही झालाच असणार. शेवटच्या दिवशी शाळेनं निरोप दिला, त्या भेटींची पिशवी घेऊन मी नावेत बसले, बोट ठेवलं, "शे" म्हटलं, आणि वीस मिनिटांत अलीकडे आले. नानांनी माझी पिशवी उचलली. मी वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ, साडी, मुलांची पत्रं, ते सगळं सांगतील म्हणून. त्यांनी ती नुसतीच हातात धरली, पुन्हा थोडी वर उचलली, आणि खाली ठेवली. "नही समजत आज," म्हणाले.

मी वर रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. खाली बाजार करून आलेली माणसं नावेत बसत होती. एक जण थोरलीच्या शेजारच्या फळीवर बसायला गेला, तर नानांनी त्याला उठवून पुढं पाठवलं. मग फुगा स्वतः दाबला, बोट स्वतः ठेवलं, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत आला.

"दम मोकया शे का?"

"शे!" सगळी नाव ओरडली.

नानांनी दोरीला हात लावला नाही. तसेच बोट ठेवून, मान वर करून, रस्त्याकडे बघत राहिले. नावेतली माणसंही वळून बघायला लागली. माझी एसटी आली होती, कंडक्टर ओरडत होता. मी पिशवी रस्त्यात ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जेवढा दम होता तेवढ्यानिशी ओरडले, "शे!"

तेव्हा कुठं नानांनी दोरी ओढली.